कुंकवाची आणि नदीची पोरं

आमच्या परसातल्या हौदात आत्ता एक कोई, म्हणजे शोभेची जपानी मासळी, आहे आणि तिच्या वर, खाली, आजूबाजूला बोटाएवढ्या माशांचा एक थवा असतो. घरी कुणी आलं की सगळे आधी कोईच बघतात आणि ते साहजिकच आहे, दोन फुटाला आलेली पांढरीशुभ्र मासळी, डोक्यावर मधोमध लालभडक गोल टिळा, नजर दुसरीकडं जाणार कशी. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, तिला पहिल्या दिवसापासून 'कुंकवाची' म्हणतात. जपानीत या प्रकाराला टांचो म्हणतात, तिकडच्या लाल डोक्याच्या क्रौंच पक्ष्यावरून, पण ते नाव आमच्या घरात कुणाच्या तोंडात बसलंच नाही. मला मात्र आज त्या बारक्यांबद्दल लिहायचंय. ते मी विकत आणलेले नाहीत, कुणी दिलेले नाहीत. २०१९ च्या पुरात कृष्णामाईनं आणून सोडलेत.

हौद मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, दारात म्हशी होत्या तेव्हा बांधलेला. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, साडेतीन फूट खोल, काठोकाठ भरला तर सहा हजार लिटरच्या आसपास पाणी बसतं. म्हशी गेल्या, पुढं मामा गेले, हौद कोरडा पडला आणि त्यात नारळाच्या झावळ्या साठायला लागल्या. २०१५ ला लेकानं हट्ट धरला म्हणून ह्यांनी तो घासून काढला, आतून नवीन गिलावा केला, आणि नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो म्हणून तीन वेळा भरून तीन वेळा रिकामा केला, महिना त्यातच गेला. मग चार कोई आणल्या, प्रत्येकी बोटभर. निळ्या बॅरलमध्ये स्पंज, मॅट आणि विटांचे तुकडे भरून फिल्टर केला, त्या विटांच्या खडबडीत अंगावर जिवाणू बसतात आणि माशांच्या कल्ल्यांतून पडणाऱ्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, हे बस्तान बसायला महिना-दीड महिना लागतो आणि तोवर रोज थोडं थोडं पाणी बदलणं एवढंच आपल्या हातात असतं. नळाचं पाणी थेट सोडायचं नाही, क्लोरीन असतं, ड्रममध्ये क्लोरीन मारणाऱ्या हायपोचे दोन खडे टाकून मग सोडायचं. हे सगळं हळूहळू अंगवळणी पडलं.

बारके मासे पाळायचा आमचा पहिला प्रयत्न पुराच्या आधीचा. 'गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा' हे भिंतीवर वाचतच आपण सगळे मोठे झालोय, तर आरोग्य केंद्रातून लेक बाटलीभर गप्पी घेऊन आला, पन्नासेक तरी असतील, आणि हौदात सोडले. पंधरा दिवसांत एकही उरला नाही. मला वाटलेलं कोई शाकाहारी, निदान गरीब तरी. तसं काही नसतं, जे तोंडात मावतं ते कोई खाते. तिच्या तोंडात पुढं दात नसतात पण घशात असतात, ओठ नळीसारखे पुढं काढून ती पाण्यासकट ओढून घेते आणि आत चुरडते. पोट म्हणून वेगळी पिशवीच तिला नसते, सगळं थेट आतड्यात, म्हणून ती दिवसभर काही ना काही हुडकतच असते. गप्पी बिचारा मोठी शेपटी घेऊन रमतगमत पोहणारा, तो कुठं टिकणार. लेक दोन दिवस नीट जेवला नाही. तेव्हाच मी ठरवलं की बारके मासे नकोत, कोईच्या हौदात फक्त कोई.

पुढं ऑगस्ट २०१९.

आमचं घर सांगलीत, हरिपूर रोडच्या बाजूला, नदीपासून चालत दहा मिनिटं. २००५ चा पूर आत्यांनी आणि ह्यांनी बघितलेला, त्यामुळं घरात एक खूण होती, 'पाच ला इथवर आलतं' अशी, आणि सगळ्यांनी त्या खुणेच्या वर सामान ठेवलं. पाणी त्या खुणेच्या वर गेलं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५, आणि त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं. आम्ही निघालो तेव्हा अंगणात गुडघाभर होतं, हौदाचा कठडा अजून दिसत होता. मी वरून जुनी साडी ताणून बांधली, चारी कोपऱ्यांना विटा ठेवल्या. त्या साडीनं काय होणार होतं, पण रिकाम्या हातानं तिथून निघवेना. विश्रामबागला नणंदेकडं आठ दिवस काढले. रात्री झोप नाही, मग मोबाईलवर काहीबाही वाचत बसायचे आणि तिथंच जपानच्या यामाकोशीबद्दल वाचलं. निगाता भागातलं डोंगरातलं गाव, भातशेतीचं, रंगीत कोईची सुरुवात ज्या गावांतून झाली त्यातलं एक. २३ ऑक्टोबर २००४ ला तिथं मोठा भूकंप झाला, तळी फुटली, रस्ते गेले, अख्खं गाव हेलिकॉप्टरनं बाहेर काढावं लागलं, आणि नंतर लोकांनी वाचलेल्या कोईसुद्धा हेलिकॉप्टरनं खाली आणल्या. ते वाचून मी अंधारात तोंड दाबून रडले. आपल्यासारखंच कुणीतरी दुसऱ्या टोकाला माशांसाठी जीव टाकत होतं, एवढंच होतं ते, पण त्या रात्री त्याचा फार आधार वाटला.

परत आलो तेव्हाचा वास अजून नाकात आहे. गाळ, सडलेलं धान्य, भिजून फुगलेल्या गाद्या. हौद तर ओळखूच येत नव्हता, चहासारखं पाणी, वर तवंग, कुणाच्या तरी दाराची फळी आडवी पडलेली. आम्ही पुढचं घर उपसत होतो आणि तेवढ्यात फवारणीवाली पोरं मागं गेली, टीसीएल, म्हणजे क्लोरीनच्या जंतुनाशक पावडरचं घमेलं घेऊन, डबकं दिसेल तिथं टाकत. त्यांचं काही चुकत नव्हतं, सगळीकडं डासांची आणि रोगराईची भीती. एकानं हौदावर मूठ उगारलेली, मी लांबून ओरडले, चिखलातनं पळत गेले. तो थांबला. म्हणाला, "ताई, यात काय राहिलंय आता." आणि आम्ही दोघंही खाली बघत असताना त्या चहाच्या पाण्यात, कडेला, ऊन पडलेलं तेवढ्या वितीवर, एक चमक वळली. एक नाही, पंधरा-वीस एकदम. एकाच वेळी वळल्या म्हणून चमकल्या.

चार कोईंपैकी तीन गेल्या. कुंकवाची चार दिवसांनी सापडली, अर्धा गाळ काढून झाल्यावर, खालच्या कोपऱ्यात पाइपाच्या आडोशाला टेकून बसलेली. गेलेल्या तिघींचं दुःख आहेच, पण एक वेगळी टोचणीही आहे, परक्या देशाची मासळी माझ्या हौदातून कृष्णेत गेली. आपल्या नद्यांत आधीच सायप्रिनस आणि चिलापी हे बाहेरून आणलेले मासे भरलेत, त्यात माझ्या तिघींची भर. पुढच्या वेळी असं होऊ द्यायचं नाही हे तेव्हाच मनात पक्कं केलं.

बारके मासे कुठले हे विचारायला नदीवर जाळं टाकणारे एक काका येऊन बघून गेले. त्यांनी वाकून बघितलं आणि लगेच सांगितलं, "वहिनी, ही वरच्या पाण्यातली बारकी हैत. पूर चढला की कडंकडंनं गवतात फिरत्यात, आन पाणी उतरलं की खड्ड्यात अडकत्यात. दरसाली असतंय." थव्यात दोन मासे जरा वेगळे होते, चपटे, चांदीच्या पत्र्यासारखे, ते बघून म्हणाले, "ही भाळुकी. ही ऱ्हात नसती." खरंच नाही राहिली, तिसऱ्या दिवशी दोन्ही गेल्या. बाकीच्यांच्या अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक काळी रेघ आणि तिच्या कडेनं बारीक सोनेरी झाक, पुस्तकात शोधलं तर रास्बोरा निघाले, रास्बोरा डॅनिकोनियस. शोधता शोधताच कळलं की साईक्स म्हणून एक इंग्रज लष्करी अधिकारी होता, त्यानं दख्खनच्या माशांवर लिहिलं आणि १८३९ ला नवीन जातींना नावं देताना इथल्या लोकांच्या तोंडची मराठी नावंच लॅटिनमध्ये घातली. म्हणून आज जगभर शास्त्रज्ञ एका महाशीरला टॉर खुद्री म्हणतात, एका माशाला रोहटी ऑगिल्बी, आणि त्या चांदीच्या पत्र्याला साल्मोस्टोमा बालुकी. काकांनी माझ्या हौदापाशी उभं राहून जो शब्द उच्चारला तोच. मला हे कळल्यावर कितीतरी वेळ बरं वाटत राहिलं.

आत्यांनी एवढं काही विचारलं नाही. त्या म्हणाल्या, "नदीची पोरं हैत, चुकलीत." तेच नाव पडलं.

आता खरी गोष्ट. कुंकवाची दोन महिने वर आली नाही. दाणे टाकले की पूर्वी काठाशी येऊन हाताला तोंड लावणारी ती, आता कोपरा सोडेना. पाणी स्वच्छ केलं, फिल्टर पुन्हा बसवला, पाणी तपासायच्या किटनं रोज अमोनिया बघत होते, पाण्यात दोष नव्हता. ती घाबरलेली होती. माणूस जवळ गेला, कावळ्याची सावली पडली, पंप सुरू झाला, की अजून कोपऱ्यात. बरगड्यांपाशी अंग आत गेलेलं दिसायला लागलं. आणि नदीची पोरं मात्र दिवसभर वरच. डासाची अळी, पडलेली मुंगी, पेरूच्या झाडावरून गळालेला किडा, सगळ्यावर झडप. मी कोईचे दाणे बत्त्यानं चुरून टाकायला लागले, बारक्यांच्या तोंडात मावेल असे, ते वर टिपायचे, त्याचा टपटप आवाज व्हायचा. ऑक्टोबरमधली एक सकाळ मला आठवते, सात-सव्वासात, मी पायरीवर चहा घेऊन बसले होते. थवा वर खात होता. खालून पांढरं काहीतरी हळूच सरकलं. वीतभर वर आलं, थांबलं. परत वीतभर. तिचे डोळे थव्याकडं होते. मी कप तोंडाशी नेलेला तसाच धरून बसले. थवा विखुरला नाही, उडाला नाही, खातच राहिला, आणि मग तो लाल टिळा पाण्याच्या वर आला आणि तिनं एक दाणा ओढला. फक्त एक, आणि खाली गेली. दुसऱ्या दिवशी तीन.

शोभेचे मासे पाळणाऱ्यांना हे माहीत असतं, लाजऱ्या मोठ्या माशासोबत वरच्या पाण्यात फिरणारे धीट बारके मासे ठेवतात, ते बिनधास्त फिरताना दिसले की मोठ्याला समजतं वर धोका नाही. मला ते नंतर वाचून कळलं. पण त्या सकाळी मला आमची पुरानंतरची पहिली रात्र आठवली होती, अख्ख्या गल्लीत लाइट नाही, सगळी घरं अंधारात उघडी, आणि समोरच्या काकूंनी दारात कंदील ठेवून चूल पेटवली, विटांची. त्या चुलीकडं बघून मी आत जाऊन आमची गादी टाकली होती.

ती त्यांना खाईल ही भीती मला होतीच, गप्पीचं विसरले नव्हते. एक-दोन खाल्लेही असतील. पण हे वेगळेच निघाले, अंगानं निमुळते, चपळ, आणि एकटा कुणी राहतच नाही. त्यांच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना बारीक छिद्रांची रेघ असते, शेजारचा वळला की पाण्याचा दाब बदलतो तो तिथं कळतो, आणि डोळ्यांनीही बघत असतात, म्हणून सगळे एकदम वळतात. कोई मध्ये घुसली की थवा फाटतो, तिच्या दोन्ही अंगांनी जातो आणि शेपटीमागं परत मिळतो. तिला कुणावर नेम धरावा तेच कळत नाही. रात्री टॉर्च लावून बघितलं तर मात्र थवा नसतो, जलपर्णीच्या मुळ्यांत एकेक जण वेगळा लटकलेला असतो, अंधारात एकमेकांना दिसत नाहीत म्हणून. उजाडलं की परत गोळा होतात.

सगळं गोड गोडच झालं असं नाही. त्या डिसेंबरात कुंकवाचीच्या अंगावर, पाठीच्या पराशेजारी, एक पांढरट दोरा लोंबताना दिसला. टोकाला दोन फाटे. अँकर वर्म म्हणतात त्याला, जनावराची मादी डोकं मांसात नांगरासारखं रोवून बसते आणि मागं अंड्यांच्या दोन पिशव्या लोंबतात. नदीच्या पाण्यासोबत किंवा पोरांच्या अंगावरून आलेलं असणार. नवा मासा आधी वेगळ्या टाकीत महिनाभर ठेवायचा असतो, पण पुरानं आणलेल्याला वेगळं कोण ठेवणार. ह्यांनी तिला ओल्या टॉवेलात धरली, डोळ्यांवर टॉवेलचं टोक, मी भुवयांच्या चिमट्यानं अगदी मुळाशी धरून सरळ ओढलं, डोकं आत तुटता कामा नये, निघालं, जागेवर बीटाडीन लावलं. तिचे कल्ले टॉवेलाखाली उघडझाप करत होते, माझ्या मनगटाला लागत होते. पाण्यात औषध टाकलं, अंड्यांतून नवी येतात म्हणून आठ आठ दिवसांनी परत, असं चार वेळा. हे म्हणाले, बारके नदीत सोडून देऊ, तिचेच आहेत. माझ्याही मनात आलं होतं. पण कोईच्या पाण्यात राहिलेले मासे परत नदीत सोडायचे म्हणजे इथला एखादा रोग तिथं पाठवायचा, ते नको. राहू देत, म्हटलं. राहिले.

आणि एकदा ढोकरी आली. मातकट रंगाची, काठावर तासभर पुतळ्यासारखी, मला कळलंच नाही ती बसलीय म्हणून. पंख उघडले तेव्हा एकदम पांढरी दिसली आणि चोचीत एक पोर. मी पळत गेले तेव्हा हौदात काहीच हलत नव्हतं. थवा तळाला, एकमेकांना चिकटून, एका ताटात मावेल एवढा. आणि त्यांच्या मागं कुंकवाची, तिच्या जुन्या कोपऱ्यात. जर्मनभाषक शास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश, ज्याला मधमाश्यांच्या नाचासाठी पुढं १९७३ ला नोबेल मिळालं, त्यानं १९३८ ला हे दाखवून दिलं होतं, की या कुळातल्या माशाची कातडी फाटली की त्यातून एक द्रव्य पाण्यात सुटतं आणि ते नुसतं पोचलं तरी बाकीचे घाबरून खाली जातात. स्वतः काही न बघता. कोईही त्याच मोठ्या कुळातली. आमच्याकडं जुलैत कोयनेतून किती क्युसेक सोडले, अलमट्टीत किती साठा, आयर्विनला किती फूट, हे मेसेज सुरू झाले की पाणी कुठंच नसतं तरी गल्लीत बाया कपाटाचे खालचे कप्पे रिकामे करायला लागतात, मीही करते, तेव्हा मला ती ताटाएवढी गोळा झालेली पोरं डोळ्यांसमोर येतात. दोन दिवस कुणी वर आलं नाही. मी हौदावर नायलॉनची जाळी ताणली, ती आजतागायत आहे.

२०२१ च्या जुलैत परत तेच मेसेज. यावेळी आम्ही वाट बघितली नाही. आत्यांना नणंदेकडं पोचवलं आणि गच्चीवर बीमच्या बाजूला विटांचे दोन फूट थर लावून आत ताडपत्री टाकली, हौदाचंच पाणी बादल्यांनी वर नेलं, बॅरलमधले विटांचे तुकडेही त्यात टाकले जिवाणूंसकट, बॅटरीवर चालणारा हवेचा पंप लावला. कुंकवाचीला टॉवेलात गुंडाळून ह्यांनी जिन्यानं वर नेलं, चांगलीच जड होती. पोरांना धरायला मात्र संध्याकाळ झाली, एकेक करत, चौदा. एवढ्याशा पाण्यात तिच्यासोबत सोडायचं धाडस होईना म्हणून मी मध्ये मच्छरदाणीचा पडदा विटांखाली दाबून बसवला, एका बाजूला ती, एका बाजूला हे. रात्री खाली अंगणात पाणी आलं, मग पायऱ्यांवर. गच्चीवरच्या खोलीत आम्ही दोघं, दर तासाला टॉर्च मारून जिन्याची किती पायरी बुडाली ते बघत होतो. पाऊस थांबून थांबून पडत होता. दोनच्या सुमारास मी ताडपत्रीपाशी गेले तर पडद्याचं टोक विटेखालून सुटलेलं, सगळं पाणी एक झालेलं, आणि टॉर्चच्या उजेडात फक्त ती दिसली. पोरं एकही नाही. मी तिथंच ओल्या विटांवर बसले. हे आत बोलवत होते, मी गेले नाही.

साडेपाचला पूर्वेकडं जरा राखाडी झालं. समोरच्या काकूंच्या गच्चीवर कुणीतरी स्टोव्ह पेटवला, त्याचा आवाज आला. ताडपत्रीच्या घडीतून एक काळी रेघ बाहेर आली. मग विटांच्या तुकड्यांमागून दोन. मग हवेच्या नळीपासून एक. ती मध्ये उभी होती, हलत नव्हती, फक्त कल्ले चालू, आणि ते एकेक करून तिच्या अंगाशी येऊन लागत होते, तिच्या पांढऱ्या बाजूवर काळ्या रेघा स्पष्ट दिसत होत्या म्हणून मला मोजता आलं. अकरा झाले. मग बराच वेळ कुणी नाही. मग बारा. तेरावा आणि चौदावा बरोबरच आले, तिच्या शेपटीखालून.

मी ह्यांना हाक मारली. ते मोबाईल बघतच बाहेर आले, म्हणाले, आयर्विनला अर्धा फूट उतरलंय.